आगाऊ वर्दी न देता

खेड्यातील शाळेला भेट देण्यास निघालेल्या पाहुण्याचे तेथे जे स्वागत होते, त्यात गावाच्या मनाचा मोठेपणा निःसंशय असतो. परंतु ते स्वागत इतके सुविहित आणि इतके पूर्वनियोजित असते, की त्याच्या आड शाळा दिसेनाशी होते, आणि दिवस कलताना पाहुणा परत फिरतो तो बहुधा स्वतःचा सत्कार पाहून. आठ दिवस आधी निरोप गेलेला असतो. मग आवार झाडले जाते, दारात रांगोळी पडते, भिंतींवरील सुविचार नव्या रंगाने उजळतात, लेझमीचे पथक उन्हात उभे राहते, स्वागतगीताची तालीम दोन-तीन दुपारी चालते, आणि ज्या मुलीचा आवाज बरा तिला पाढ्यांतून सूट मिळते. पाहुण्यास गुलाबपुष्प, शाल आणि श्रीफळ अर्पण होते. सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यथाक्रम बोलतात. पाहुणा वह्या आणि खाऊ वाटतो, मुलांना मोठे होऊन काय व्हायचे ते विचारतो, छायाचित्रे निघतात, आणि शेवटी शेरेबहीत, येथील विद्यार्थ्यांचा उत्साह पाहून परम संतोष झाला, अशा आशयाचा एक शेरा उमटतो. अशी शेरेबही सलग पाने उलटून वाचण्याचा योग ज्यास आला असेल, त्यास ठाऊक असेल की हा संतोष वर्षानुवर्षे एकाच शब्दांत होत आलेला आहे.

माझा या सोहळ्यास विरोध आहे, आणि तो केवळ रुचीचा नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा साठ विद्यार्थ्यांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक देतो. वाड्यावस्त्यांवरील आपल्या बहुसंख्य शाळा याच मापाच्या, द्विशिक्षकी; पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. अशा शाळेतील एक शिक्षक पाहुण्याच्या सरबराईत आणि दुसरा मुलांच्या रांगा लावण्यात गुंतला, की चारही इयत्तांचा दिवस बुडाला. याच कायद्याचे सत्ताविसावे कलम शिक्षकांस जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक एवढी कामे वगळता शिक्षणेतर कामास जुंपण्याची मनाई करते. पाहुण्याची उठबस या अपवादांत कोठे बसत नाही. पण ती तक्रार करणार कोण? पाहुणा आला म्हणजे पत्र्याच्या शेडला दोन पत्रे वाढण्याची आशा असते, आणि आशाळभूतपणाचा दोष ज्या शाळेच्या छतातून पाणी गळते तिला देणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

या प्रश्नाचा निकाल महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच दिलेला आहे, हे मात्र आपण सोयिस्करपणे विसरलो. त्या वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्याचा गाभा सर्वांस परिचित आहे : सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि तिच्या मुलांच्या शिक्षणावर मात्र त्यातील अल्पांश खर्च होतो. परंतु त्याच निवेदनात शाळांच्या देखरेखीविषयी एक लहानसा, व्यवहारी मजकूर आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षाकाठी एकदा येऊन जाण्यापासून शाळेस लक्षात येण्याजोगा लाभ होत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी. आणि त्याखेरीज अन्य वेळीही, कसलीही पूर्वसूचना न देता शाळांस भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचविले होते. स्वतः शाळा काढलेल्या आणि चालविलेल्या माणसाची ती सूचना होती. वर्दी पोहोचलेल्या दिवशी शाळा जशी असते तशी ती इतर दिवशी नसते, हे सत्य त्यांना कोणा अहवालातून कळावे लागले नव्हते.

आता, वर्दी न देता जाणे म्हणजे धाड घालणे नव्हे, एवढा खुलासा येथे आवश्यक आहे. आपल्या शिक्षणखात्यात अवचित भेटीचे शस्त्र पुष्कळदा शिक्षकाला अपमानित करण्यासाठी उगारले गेले आहे. मोटारीतून उतरलेल्या अधिकाऱ्याने वर्गात शिरून मुलांदेखत शिक्षकाकडून भागाकार करवून घ्यावा आणि त्याची वार्ता तालुकाभर पसरावी, असले प्रकार ऐकिवात आहेत, आणि त्यांतून शाळा सुधारल्याचे ऐकिवात नाही. शाळेत मुले असतात, सबब कोणीही सरळ आत शिरावे हेही गैर. फाटकाशी थांबावे, मुख्याध्यापकांस आपले नाव-गाव सांगून अनुज्ञा घ्यावी, ते नाही म्हणाले तर नमस्कार करून निघून यावे. माझे म्हणणे इतकेच, की नागरिकाची भेट ही गावाने करावयाच्या आतिथ्याची बाब नसून नागरिकाने बजावावयाच्या कर्तव्याची बाब आहे, आणि कर्तव्यास निघालेल्याने हारतुऱ्यांची वाट पाहू नये.

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेत मी एक दिवस काढला तो या विचाराने, आणि मुद्दाम मार्गशीर्षात. पाहुण्यांचा हंगाम १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या तिथींभोवती असतो. दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाल्यावरच्या त्या आठवड्यांत तेथे सहसा कोणी फिरकत नाही. रस्ता दोन बाजूंच्या उघड्या माळांतून चढत जातो. जमीन हलकी, पावसाच्या भरवशाची, बाजरी निघून गेलेली, कोठे विहिरीच्या आधाराने ज्वारीचा हिरवा पट्टा. गावाच्या वेशीपाशी कुलूप लागलेल्या घरांची ओळ प्रथम नजरेत भरते. काही दारांना कुलपाऐवजी काटेरी फांदी आडवी बांधलेली. या गावाचे नाव मी देत नाही, कारण येथे जे सांगावयाचे आहे ते त्याच्या आसपासच्या कोणत्याही गावाविषयी सांगता येईल.

शाळेत परिपाठ चालला होता. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका. मग एका चिमुरड्याने दिनविशेष वाचला, एकीने पंचांग सांगितले, आणि एकाने बोधकथा सुरू करून अर्ध्यावर सोडली, कारण पुढचे त्याला आठवेना. गुरुजींनी हसून ती स्वतः पुरी केली. पाहुण्याच्या दिवशी हा मुलगा पुढे आलाच नसता. मुख्याध्यापकांनी मला पाहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काळजीचे सावट आले ते, मी खात्याचा कोणी नव्हे हे कळल्यावर हळूहळू निवळले. मी मागच्या भिंतीशी बसू का, असे विचारले, तेव्हा त्यांनी खुर्ची देऊ केली, आणि मी सतरंजीवरच बसतो म्हटल्यावर मुलांची माझ्याविषयीची उत्सुकता दहा मिनिटांत ओसरली. पुढे तासभर तिसरी-चौथीच्या मुलांनी हातच्याची वजाबाकी केली. एकास उत्तर येत होते पण रीत येत नव्हती. दुसरीस रीत येत होती आणि उत्तर दरवेळी चुकत होते. गुरुजी एकाकडून दुसरीकडे जात, अधूनमधून पलीकडच्या खोलीतील गलक्याकडे कान देत. शाळा पाहणे म्हणजे हे पाहणे. यात छायाचित्र काढण्याजोगे काही नसते.

फळ्याच्या कोपऱ्यात, आपल्याकडील प्रत्येक शाळेत असते तशी, पट, हजर, गैरहजर अशी चौकट खडूने आखलेली होती आणि तिच्यातील आकडे त्या दिवशी भरलेले नव्हते. मी मुलांची संख्या विचारली.

“पट विचारता का हजर विचारता, साहेब?” गुरुजी म्हणाले.

त्यांनी हजेरीपत्रक पुढे ठेवले. आषाढ-श्रावणातील पाने दाट भरलेली. दसरा ओलांडला की नावांपुढचा ओळींमागून ओळींचा मजकूर बदलत जातो, आणि दिवाळीनंतरच्या पानावर निम्म्याहून अधिक नावे केवळ नावेच उरतात. ती मुले आजारी नव्हती, उनाडही नव्हती. ती ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या बाजूस किंवा थेट कर्नाटकात गेली होती, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परतणार होती. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा.

या व्यवस्थेचे यंत्र ज्यांस परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. पावसाळ्यातच मुकादम गावात येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो. या जोडीस एक कोयता म्हणतात, आणि उचलीचा हिशोब कोयत्यावर होतो, माणसावर नाही, म्हणून एकट्या पुरुषास किंवा एकट्या बाईस या धंद्यात फारशी किंमत नाही. ती उचल लग्नात, दवाखान्यात, मागल्या सालच्या बाकीत खर्ची पडते, आणि मग हंगामभर ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाड्या भरून ती फेडावयाची असते. फडात पहाटे उतरावे लागते. गाडी रात्री-अपरात्री केव्हाही भरावी लागते. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून चार पैसे वरकड मिळतात. राहणे कोपीत, म्हणजे बांबू आणि चटयांच्या किंवा ताडपत्रीच्या खोपटात. साखर कारखान्यांच्या गाळपाचा काळ आणि शाळेच्या दुसऱ्या सत्राचा काळ जवळजवळ तंतोतंत एकच आहे. जून ते ऑक्टोबर जे मूल बीड जिल्ह्यात पहिल्या सत्रात शिकते, तेच मूल दुसऱ्या सत्रात एखाद्या बागायती शिवारात आईच्या मागे मोळ्या ओढते अथवा धाकट्या भावंडास सांभाळते. आणि हे एका वर्षाचे नसते, पहिलीपासून ते शाळा सुटेपर्यंतचे असते.

येथे शासनाच्या दप्तराची एक गंमत नोंदविल्यावाचून राहवत नाही. शाळेस किती शिक्षक मंजूर करावयाचे ते ठरविणारी संचमान्यता होते ती ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या तारखेस ऊसतोडीच्या टोळ्या अद्याप हललेल्या नसतात. अर्थात दप्तर लबाड नाही; त्या दिवशी ती मुले खरोखरच शाळेत असतात. पण शासनही पाहुण्याप्रमाणेच सोयीच्या तिथीस येऊन जाते असा याचा अर्थ होतो, आणि मग शिक्षकाची कोंडी होते ती अशी : गेलेल्या मुलांची नावे कमी केली तर पट घसरतो आणि शिक्षकाचे एक पद, कदाचित शाळाच, धोक्यात येते, नावे ठेवली तर उपस्थिती का नाही याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. ज्या कारणासाठी मुले गेली त्याच्याशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही.

दुपारी खिचडी शिजली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, त्यास आता पुष्कळ वर्षे लोटली, आणि या एका गोष्टीने खेड्यातील शाळेचे जे भले केले ते अनेक उपक्रमांनी मिळून केलेले नाही, असे माझे मत त्या दिवशी अधिकच दृढ झाले. ओळीत बसलेल्या मुलांत काही अशी होती, की त्यांचे आईबाप उसाला गेलेले आणि ती आजीपाशी राहिलेली. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे : गावातच, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत, पालक परत येईपर्यंत त्यांच्या जेवणाखाण्याची तजवीज करावयाची. कल्पना उत्तम. परंतु तिची मंजुरी आणि निधी हंगाम सुरू होऊन गेल्यावर पोहोचतो ही ओरड त्या भागात दरसाल ऐकू येते, आणि नोव्हेंबरात मूल कोठे ठेवावे हा प्रश्न ज्या बापाला ऑक्टोबरात सोडवावयाचा असतो, त्यास जानेवारीतील मंजुरीचा उपयोग काय?

शाळा सुटल्यावर मी गावात फिरलो. दिवसाउजेडी भेटतील अशी माणसे म्हणजे म्हातारी माणसे. पारावर दोन-चार आजोबा, ओट्यांवर आज्या. त्यांतील एकीने मला चहा पाजला, आणि गावात पाव्हणा येऊन सत्काराशिवाय जातो याचे तिला फार वाईट वाटले. तिच्यापाशी नातू होता, नात नव्हती.

“पोरगी कुठं, आज्जी?”

“तिला नेली की संगं. धाकटं लेकरू अंगावरचं हाय. दोघं फडात गेल्यावर कोपीत त्याला कोण बघंल? पोरगी शानी हाय. भाकरी बी करती.”

“कितवीत आहे?”

“तिसरीत.” आणि मग, जणू मी तिला दोष देत आहे असे वाटून, ती म्हणाली, “साळंत लई हुशार व्हती, सायब. गुरुजीला इचारा.”

गुरुजींना मी सकाळीच त्या हजेरीपत्रकावर तिचे नाव पाहून विचारले होते. हातच्याची वजाबाकी तिला सर्वांआधी आली होती, आश्विनातच.

मुलगा मागे राहतो आणि मुलगी जाते, हे त्या एका घरापुरते नाही. कोपीत कोणीतरी लागते, आणि ते कोणीतरी कोण असावे याविषयी आपल्या समाजात फारशी चर्चा होत नाही. शाळेच्या भिंतीवर मुलगी शिकली प्रगती झाली हे वाक्य ठळक अक्षरांत असते. पाहुणा ते वाचतो. हजेरीपत्रकातील मुलींच्या बाजूचे पान त्याने उघडून पाहिले, तर त्याला भिंतीकडे बघवणार नाही.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलापाशी जावे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी जे काम उभे केले, त्यात हाच विचार आचरणात उतरलेला होता. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. आज देशभर ज्यास अंगणवाडी म्हणतात त्या कल्पनेचे मूळ तेथे आहे. या दोघी बायांनी त्या आदिवासी मुलांना गैरहजर म्हणून नोंदवून समाधान मानले असते, तर त्यांनाही कोणी नावे ठेवली नसती; मुलेच येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार, हे उत्तर त्या काळीही तयार होते. ऊसतोडीच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या त्या याच परंपरेतील. काही चांगल्या चालल्या, पुष्कळशा बंद पडल्या, आणि मुलांनी तेथील नियमित शाळांत बसावे असे धोरण पुढे आले. ते तत्त्वतः योग्यच आहे. कायद्यानुसार एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क मुलास आहे, दाखला विनाविलंब द्यावयाचा आहे, आणि दाखला नाही या सबबीवर कोणत्याही शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलाने आपल्याबरोबर न्यावे म्हणून शिक्षण हमी कार्डही आहे. २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचा संकल्प सोडला गेला. कागदावर, थोडक्यात, त्या तिसरीतील मुलीसाठी जवळजवळ सर्व काही आहे.

पण कार्ड घेऊन ती जाणार कोठे? कोपी फडाबरोबर हलते, आज या शिवारात तर पंधरवड्याने दुसऱ्या, शाळा दोन-तीन किलोमीटरवर, कडेवर भावंड, आणि वर्गात गेली तर तेथील मुले तिच्या बोलीस हसणार. ज्या शिक्षकास तिला दाखल करून घ्यावयाचे त्याच्याही पटाचे, हजेरीचे आणि गुणवत्तेच्या आकड्यांचे हिशोब आहेत, आणि चार महिन्यांनी निघून जाणारे मूल त्यांत ओझ्यासारखे बसते. म्हणून केवळ दाखल करून घेणे पुरेसे नाही. लहानग्यांसाठी फडाजवळ पाळणाघर हवे, कारण ते नसेल तोवर थोरली बहीण शाळेत जाऊ शकत नाही, आणि तो खर्च ज्या कारखान्यासाठी ऊस तुटतो त्याच्या माथी बसविण्यात मला कोणताही अन्याय दिसत नाही. गाळपाचा परवाना मागताना मागील हंगामात स्थळावरील किती मुले शाळेत गेली याचा दाखला जोडणे कारखान्यांस सक्तीचे करावे. ज्यांना टनावारीने ऊस मोजता येतो त्यांना मुले मोजणे अवघड नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे शासनाचे काम; गावी जाणाऱ्या साध्या प्रवाशाने काय करावे? त्याने सत्कार नाकारावा, ही पहिली गोष्ट. आणि नाकारताना गावाचे मन दुखावेल अशी भीती बाळगू नये, चहा आणि भाकरी आनंदाने घ्यावी. त्याने दिवाळीनंतर जावे. भाषण करू नये. वर्गात मागे बसावे, हजेरीपत्रक पाहू द्यावे अशी विनंती करावी, गेलेल्या मुलांच्या आज्यांशी बोलावे, आणि शेरेबही पुढे आलीच तर परम संतोषाऐवजी त्या दिवशीचा पट आणि त्या दिवशीची हजेरी एवढे दोन आकडे तारखेनिशी लिहून खाली सही करावी. दहा पाहुण्यांनी असे दहा शेरे लिहिले तर ती शेरेबही जिल्हा परिषदेच्या सभेत पुरावा म्हणून ठेवता येईल.

आणि ज्या वाचकांचे वास्तव्य कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यात आहे, त्यांनी बालाघाटपर्यंत एसटीने जाण्याचे श्रम घेण्याचे कारण नाही. उसाने भरलेल्या ट्रॉलीमागे मोटार अडकली असता ज्या कोप्या रस्त्याच्या कडेला दिसतात, त्यांत ती मुले या घटकेस आहेत. तेथून जवळची शाळा कोणती ते विचारावे, तिच्या फाटकाशी थांबून मुख्याध्यापकांस नमस्कार करावा, आणि या हंगामात कोप्यांतील किती मुले दाखल करून घेतली, त्यांत मुली किती, आणि आज त्यांतील हजर किती, एवढे विचारावे.